घरातलीला विचारा

आमच्या मनीने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आजार नाही, खाणं बदलून बघा. धुळ्यातल्या दुकानात मी मांजरांच्या खाण्याचं मधल्या किमतीचं पाकीट घेऊन घुटमळत होतो. शेजारी पांढऱ्या दाढीचे एक चाचा उभे होते, कॉलरला शिवणाची सुई टोचलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाकिटामागची बारीक अक्षरं बोट फिरवत वाचली.

"कोंबडी पहिली लिहिलीय, मका नंतर. चांगलं आहे, आमची हेच खाते. पण भाऊ, माझं कशाला ऐकता? घरातलीला विचारा."

आणि स्वतः नुकतंच घेतलेलं पाकीट फोडून त्यांनी मूठभर दाणे कागदात बांधून दिले.

घरी मनीने ते हुंगले, मग कुरुमकुरुम खाल्ले. माझ्या जिवात जीव आला. वाटी चाटून ती माझ्याकडे बघू लागली, तेव्हा मी दुकानात जायला पुन्हा चपला घातल्या.