नवरीचे पाय

मुलांनो, सोलापुरात आमच्या शेजारी एक तेलुगू विणकरीण बाहुल्या करायची. डोकं भाजलेल्या मातीचं, अंग मागावरच्या चिंध्यांचं. बाई ओठांत सुई धरूनच बोलायची.

माझ्या बाहुलीला तिनं तिच्या तेलुगू पद्धतीचं, बिनकाष्ट्याचं गोल लुगडं नेसवलं. बाहुला-बाहुलीचं लग्न ठरलं होतं; नवरदेव बाहुल्याची आई झालेली माझी मैत्रीण अडून बसली, "काष्टा नसेल, तर लग्न मोडलं!"

मी रडत बाईकडे गेले.

"काष्टा कसा घालू, पोरी? पाय कुटं हायेत हिला?" असं म्हणत तिनं शिवण उसवली. दोन दिवसांत इवलेसे मातीचे पाय घडवून, नखं कोरून, भाजून जोडले आणि काष्टा घातला.

लग्नात मैत्रीण वाकून वाकून काष्टा तपासत होती. बाईनं शांतपणे बाहुल्याचं धोतर उचललं.

"अगं, जावईबापूंनाच पाय न्हाईत की!"