पिल्लांचं बाळंतपण

आधी काकींचं सांगते, पिल्लांचं मग. पिल्लांचं आधी सांगितलं की लोक मलाच हुशार म्हणतात, आणि ते ऐकून माझा जीव वरखाली होतो. काकी म्हणजे पेणकरपाड्यातल्या आमच्या घरमालकीण. घरचं भातशेत, खाडीकडच्या मिठागरात वाटा, आणि पाड्यातल्या निम्म्या पोरांची नाळ त्यांनी कापलेली. आवाज असा, की खाडीच्या अलीकडून हाक मारली तर पलीकडे वसईतला माणूस 'ओ' देईल. त्यांनी माझा संसार वाचवला. कोंबड्यांकरवी वाचवला, पण वाचवला.

मी रत्नागिरीकडची. सहावीत शाळा सुटली. धाकटी भावंडं सांभाळायला घरात कुणीतरी हवं होतं, आणि ते कुणीतरी मी होते. पुढे लग्न होऊन इकडे आले. आमचे हे भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. ती नोकरी मोठ्या दिरांनी लावून दिलेली. ते परळला गिरणीत. नोकरी त्यांनी लावली म्हणून आम्ही काय खावं, कधी झोपावं, कुणाकडे जावं, हेही तेच लावून देत. रीतीप्रमाणे ते माझ्याशी थेट बोलत नसत. भिंतीशी बोलत, आणि ते मी ऐकायचं.

एका रविवारी आमच्याकडे जेवण झाल्यावर त्यांनी भिंतीला सांगितलं, "शिमग्याला गावी जायचंच आहे. तेव्हा हिला तिकडेच ठेवू. आईच्या हाताखाली माणूस होईल. इथं एका पगारात दोन तोंडं कशाला?"

भिंत गप्प राहिली. आमचे हेही गप्प राहिले. त्या दोघांचं फार जमायचं. लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि गावी एकदा ठेवलेली सून परत मुंबईकडे आणायची तर आधी कुणीतरी मरावं लागतं, हे मी आमच्याच वाडीत पाहिलेलं. तोंडातून निघून गेलं, "मी कोंबड्या पाळणार आहे. माझं तोंड माझ्यापुरतं भागेल."

दीर भिंतीला म्हणाले, "शिमग्यापर्यंत दिसू दे."

कोंबड्यांचं मला सुचलं, कारण त्याच आठवड्यात पाड्यात दवंडी झाली होती. सुधारित जातीची पिल्लं फुकट मिळणार होती. अट एकच, घेणारी बाई शिकलेली पाहिजे. पाडाभर शोध झाला आणि शेवटी सगळे माझ्या दारात आले. मी म्हटलं, "अहो, माझी सहावी अर्धी राहिलीय." ग्रामसेवक म्हणाले, "सही येते ना? मग झालं. बाकीचं शिक्षण आम्ही देऊ."

शिक्षण मारुतीच्या देवळासमोर दिलं गेलं. तालुक्याहून एक साहेब जीपमधून आले. गळ्यात मफलर, कारण पौषाचे दिवस आणि मिठागरावरून येणारा वारा हाडात शिरतो. साहेब तासभर बोलले. पिल्लाला आई नको, पिल्लाला ऊब हवी. म्हणून टोपलीवर विजेचा बल्ब टांगावा, की एक बल्ब एका कोंबडीचं काम करतो. मग त्यांनी पिल्लांचं खोकं आणि एक कोरा बल्ब माझ्या हातात दिला. टाळ्या झाल्या.

मी भीत भीत म्हटलं, "साहेब, पाड्यात वीज नाहीये."

"खांब दिसतायत की!"

"खांब आहेत. तारा नाहीत."

"येतायत, येतायत," साहेब म्हणाले. "तोवर बल्ब टांगून ठेवा. लोकांना सवय होईल."

लोकांना खरंच सवय झाली. दोन दिवस बायाबापड्या आमच्या खोलीत येऊन आढ्याला सुतळीनं टांगलेला बल्ब बघून जात होत्या. एकीनं त्याला हळदकुंकूही लावलं. खाली पिल्लं एकमेकांत मुंडकी खुपसून चिवचिवत होती. भुकेचं चिवचिवणं आणि थंडीचं चिवचिवणं वेगळं असतं. थंडीचं थांबत नाही, आणि ऐकणाऱ्याला बसू देत नाही.

काकी आल्या, कमरेवर हात ठेवून वर बघितलं, खाली बघितलं. "जल्ला तो बल्ब! गो पोरी, हे मरतान बग."

"मग काय करू काकी? तुम्ही पिल्लांना कशी ऊब देता?"

"मी? माज्या जन्मात मी कंदी ऊब दिली न्हाय. कोंबरी देतं. मी कनाला देव?"

त्यांची एक काळी कोंबडी तेव्हा खुडूक होऊन कोपऱ्यात बसली होती. खुडूक म्हणजे अंडी उबवायच्या नादात असलेली. अशा कोंबडीखाली दुसरीची पिल्लं सारली तरी ती आपली म्हणून घेते. मात्र सारायची तिन्हीसांजेला, काळोखात, गुपचूप. हे काकींना पक्कं ठाऊक होतं. पण ग्रामसेवकांना साहेबांना कळवायचं होतं की पिल्लांची सोय झाली, त्यामुळे त्यांना ते डोळ्यांनी बघायचं होतं आणि तेही कचेरीच्या वेळेत. निम्मा पाडा गोळा झाला. भर उन्हात, टाळ्यांच्या गजरात, पिल्लं काळीच्या पोटाखाली सारली. काळीनं एकेकाला नीट निरखलं आणि टोचून टोचून बाहेर काढलं.

"सरकारी हायेत, तिला कलला," काकी म्हणाल्या.

संध्याकाळी पुन्हा न्यावीत म्हटलं, तर एवढ्या गर्दीनं काळीची खुडूकच मोडली. ती उठून उकिरड्यावर चरायला गेली ती गेलीच.

मी रडायला लागले. काकींना रडणं आवडत नसे. त्यांनी मला खांद्याला धरून हलवलं. "कनाला रडतं? पोरं कुनाचीबी असूं दे, आमी वाचवतंव. बालतपन करू यांचा."

आणि त्यांनी खरंच पिल्लांचं बाळंतपण मांडलं. मिठागरवाल्याच्या घरी कशाची टंचाई असेल तर असो, मिठाची नसते. पडवीत खड्याच्या मिठाची रास असायची. नव्या बाळंतिणीला नि बाळाला शेकायला ते मीठ लोखंडी कढईत तडतडेपर्यंत भाजायचं, कापडात पुरचुंडी बांधायची, की ती बराच वेळ गरम राहते. काकींनी तशा पुरचुंड्या बांधल्या, टोपलीत पेंढा घातला, मधोमध पुरचुंड्या ठेवल्या, वर गोधडी टाकली. पुरचुंडी आधी आपल्या गालाला लावून बघायची. गालाला सोसली तर पिल्लाला सोसेल. थोड्या वेळात चिवचिव बसली. गोधडी उचलून बघितलं, तर सगळी पिल्लं पुरचुंड्यांना चिकटून डोळे मिटून पसरलेली.

एक निवली की दुसरी तयार हवी. आमचे हे कारखान्यातून आले की कढईसमोर बसत. "तिकडे दोन पाळ्या, इकडे तिसरी," ते म्हणत. "फिकर नॉट. बोनस पिल्लं देतील." भावापुढे बोलत नसला तरी हा माणूस मीठ बरं भाजायचा, हे मला तेव्हाच कळलं.

पण काकी अर्ध्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. बाळंतपण म्हटलं की धुरी आलीच. पाचव्या दिवशी त्या निखाऱ्यांची शेगडी घेऊन आल्या. त्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं. मी म्हटलं, "काकी, हे कोंबड्यांना चालतं का?"

"तुज्या सरकारी पुस्तकात न्हाय म्हनून न्हाय चालत? अख्खा पाडा या धुरीवं जगलाय."

खोलीत एवढा धूर झाला, की बल्ब दिसेना. पिल्लं चोची वासून मान उडवायला लागली.

"काकी, ती गुदमरतायत!"

"शिंकतान. शिंकला म्हंजे जगला."

मग त्या स्वतःच खोकायला लागल्या, आणि तेव्हा कुठे त्यांचं मत बदललं. टोपली उचलून आम्ही अंगणात धावलो. काकींनी पिल्लं पदरात घेऊन वाऱ्याकडे पाठ करून उन्हात बैठक मारली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दम दिला, "हसतं कनाला? तुलाबी असाच वाचवलाय मी!" ते खोटं नव्हतं.

धुरीनं काही झालं नाही. झालं ते माझ्या काटकसरीनं. पुरचुंड्यांसाठी मी यांचा विरलेला लेंगा फाडला होता. रोजच्या तापण्यानं कापड जळकं झालं आणि एका सकाळी फुटलं. मी पाण्याला विहिरीवर गेले होते. येऊन बघते तर पिल्लांनी मिठाचे खडे कणी समजून टिपलेले. काही पिल्लं मान टाकून बसली होती, पायात जोर नव्हता. माझ्या डोळ्यांपुढे शिमगा आला, रातराणी एस.टी. आली, सासूबाईंची चूल आली.

मी काकींना हाक मारली. माझ्या आवाजाला खोलीबाहेर जायची सवय नव्हती, पण त्या दिवशी तो गेला. काकी धावत आल्या, टोपलीत बघितलं. मीठ झटकून टोपली साफ केली. मांडीवर एकेक पिल्लू घेऊन चोच पाण्यात बुडवायची, थांबायचं, पुन्हा बुडवायची. मिठागरावरची माणसं बोलवायला आली, त्यांना हातानंच परत पाठवलं. दुपार उलटली तशी बरीच पिल्लं उठली. दोन उठली नाहीत. ती काकींनी परसात नेऊन पुरली आणि येताना हातात एक लुगडं घेऊन आल्या. वरसावेच्या माहेरचं, जाड सुताचं, घडीही न मोडलेलं. मी 'नको नको' म्हणेपर्यंत त्यांनी दातानं काठ धरून ते टर्रकन फाडलं.

"याच्यातना मीठ न्हाय, जीवबी बाहेर जावाचा न्हाय," त्या म्हणाल्या. "शिव दुहेरी."

मी दुहेरी शिवलं. पुढे पिल्लांना पिसं फुटली, ती पुरचुंड्यांवरून उड्या मारायला लागली, मग पुरचुंड्या विसरली आणि माझ्या भाताच्या पातेल्यावर चालून येऊ लागली.

शिमग्याच्या आधीच्या रविवारी मोठे दीर आले. पिल्लांच्या आता पांढऱ्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, झालेल्या; त्या अंगणात भांडत होत्या. त्यांनी भिंतीला विचारलं, "अंडी कुठायत?"

अंड्यांना अजून अवकाश होता. मी कुडाच्या आड उभी. तेवढ्यात काकी पडवीतून म्हणाल्या, "अंडी? तुमी जन्मल्या जन्मल्या गिरनीत गेलावतंव का?"

दिरांना भिंतीशी बोलायची सवय, भिंतीनं उलट बोलायची नव्हती. ते तलंगांकडे वळले. एकीनं त्यांच्या चपलेचा अंगठा टोचून बघितला.

"बऱ्या आहेत," ते म्हणाले. "पण हिला गावी नेली तर या बघणार कोण?"

"मी न्हाय बघाची," काकी ताबडतोब म्हणाल्या. "मना येल न्हाय. आनि तुमचा भाव दिसभर भांडी घासतं."

दिरांनी सुपारी कातरली, चघळली आणि भिंतीला निकाल दिला, "मग राहू दे हिला इथंच. जित्राबांपाशी माणूस हवं."

बायकोनं नवऱ्यापाशी राहावं, हे इतके दिवस कुणाच्या गळी उतरलं नव्हतं. बाईनं कोंबड्यांपाशी राहावं, हे एका सुपारीत पटलं. मला काय, मी राहिले. आमचे हे त्या रात्री पोटभर जेवले आणि म्हणाले, "कोंबड्यांनी माझीही सोय केली."

आता आम्ही भाईंदरला खोली घेतली आहे. काकी पाड्यातच आहेत. आता जरा वाकल्या आहेत, आवाज मात्र सरळ आहे. त्या वरसावे आणि वसईपलीकडे कधी गेल्या नाहीत. काकी, हे तुम्हांला कुणीतरी वाचून दाखवील. तेव्हा ऐकून ठेवा, मी एक दिवस तुम्हांला आमच्या गावी नेणार आहे. एस.टी.त खिडकीची जागा तुमची. आमच्या ओटीवर बसून तुम्ही हुकूम सोडायचे, कुणाचंही बाळंतपण करायचं नाही, एक काडी इकडची तिकडे करायची नाही. आंघोळीचं पाणी मी तापवीन, भाकरी मी भाजीन, पाय मी चेपीन. तुमचं एवढं देणं माझ्याकडे लागतंय, आणि मी ते फेडणार आहे.