आमचे चिटणीस आणि कोलशेतचा बंब

आमच्या चिटणिसांइतका व्यवस्थितपणे गोंधळ घालणारा माणूस उभ्या ठाणे जिल्ह्यात झाला नाही, आणि त्या गोंधळात माझ्याइतका गोंधळलेला अध्यक्षही दुसऱ्या कुठल्या मंडळीला लाभला नसेल. चिटणीस म्हणजे माझे मामेभाऊ, वयाने माझ्याहून महिनाभरच मोठे. ते रोज आगगाडीने मुंबईच्या यंत्रशाळेत जात आणि मी संस्कृत घेऊन कॉलेजात. आपल्या वर्गातल्या तिघांना, म्हणजे एक ठाण्याचा, एक कल्याणचा आणि एक डोंबिवलीचा, गोळा करून एका दसऱ्याला त्यांनी 'यंत्रविद्यार्थी मंडळी' काढली आणि मला अध्यक्ष केलं. "अरे, मला यंत्रांतलं ओ की ठो कळत नाही," मी म्हणालो. "म्हणूनच," ते म्हणाले, "अध्यक्ष निःपक्षपाती हवा." मामा कचेरीत कारकून होते आणि मुलानेही तिथेच चिकटावं अशी त्यांची इच्छा. मंडळीची बातमी ऐकून त्यांनी अट घातली, की पुढच्या दसऱ्यापर्यंत एक तरी यंत्र चालवून दाखवा, नाहीतर यंत्रशाळा पुरे आणि कचेरीत माझ्या शेजारी बसायचं.

चिटणिसांना या अटीची चिंता वाटली नाही, कारण वर्षाचा सगळा कार्यक्रम त्यांच्या वहीत तयार होता. नुसता कार्यक्रमच नव्हे, सभेचा वृत्तांतसुद्धा ते सभेच्या आदल्या दिवशी लिहून ठेवत आणि मग सभा त्याबरहुकूम चालवून घेत. 'येथे अध्यक्ष हसले' असं लिहिलेलं असलं की मला हसावं लागे. का, ते कळत नसे. घरी पंगतीतसुद्धा ते मला "अध्यक्ष, भात घ्या" म्हणत. चैत्रात त्यांनी 'वाफेचा स्वभाव' या विषयावर व्याख्यान दिलं आणि दाखल्यासाठी मामींची तपेली झाकण बांधून चुलीवर ठेवली. झाकण आढ्याला जाऊन लागलं, मामी बाहेर धावल्या, आणि वाफेचा स्वभाव रागीट असावा एवढंच माझ्या हाती लागलं. वैशाखात आम्ही कल्याणला इंजिनं पाहायला गेलो. चिटणीस फलाटावर डोळे मिटून, कानामागे हात धरून उभे राहिले आणि इंजिनावरच्या गोऱ्या साहेबाला म्हणाले, "तुमच्या इंजिनाच्या डाव्या अंगाला दुखतंय." साहेब पुष्कळ बोलला. आम्हांला त्यातला एक शब्द कळला नाही. वहीत मात्र 'साहेबांनी आभार मानले' असं लिहिलेलं आहे.

पावसाच्या तोंडाशी त्यांनी यंत्र आणलं. कोलशेतला एका आगरी म्हाताऱ्याचं मिठागर होतं. पाऊस संपला की आगरात साचलेलं पाणी उपसायला त्याच्याकडे एक हातबंब होता. दांडा खालीवर केला की तोंडातून पाणी येई. पावसाळाभर तो पडूनच असे, म्हणून त्याने दिला. दिला तेव्हा बंब धड होता, हे सांगितलं पाहिजे. पण चिटणिसांचं मत असं, की एका माणसाने सगळं यंत्र जाणणं अशक्य आहे. प्रत्येकाने एकेक भाग घरी न्यावा, त्याचा अभ्यास करावा आणि त्यात सुधारणा करावी. त्याप्रमाणे दट्ट्या कल्याणला गेला, झडप डोंबिवलीला, नळकांडं ठाण्यातच राहिलं. मळसूत्री खिळे माझ्याकडे आले. माझा अभ्यास म्हणजे मी ते चिंचेने घासून लख्ख केले. चिटणिसांनी स्वतःकडे नकाशा ठेवला.

दसऱ्याला मासुंद्याच्या तळ्याकाठी सभा भरली. मामा आले, म्हातारा आला. बंब जोडला, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं, आणि चिटणिसांनी दांडा दाबला. पाणी आलं, पण ते प्रत्येक सांध्यातून आलं. तोंड मात्र कोरडं. कल्याणकराने दट्ट्या अडू नये म्हणून कानशीने बारीक केला होता, ठाणेकराने त्याच हेतूने नळकांडं आतून खरवडलं होतं, आणि डोंबिवलीकराने झडपेला इतकं जाड नवं चामडं लावलं होतं की ती उघडतच नव्हती. प्रत्येकाची सुधारणा उत्तम होती. "मना त्यातला काय समजत नाय," म्हातारा म्हणाला, "पन पानी यायला पायजे, पोरांनो."

मामा ओल्या पागोट्याने माझ्याकडे वळले. "तू अध्यक्ष ना? खरं सांग, आणखी महिनाभर दिला तर चालेल का हे?"

चिटणीस माझ्याकडे पाहत होते. वही मिटलेली होती. मी काय म्हणायचं ते या वेळी त्यांनी लिहून ठेवलेलं नव्हतं.

"मामा," मी म्हणालो, "मला यातलं काही कळत नाही."

"मग झालं," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मामांनी यंत्रशाळेला पत्र घातलं. चिटणीस मात्र बंब टोपलीत भरून कोलशेतला गेले आणि तिथल्या लोहाराच्या भात्यापाशी बसले. चार दिवसांनी म्हातारा मुद्दाम मला सांगायला आला, "चालला रं! पैल्यापरीस बेस चालला." मी धावत मामांकडे गेलो. चिटणीस घरी नव्हते; त्या सकाळीच ते कचेरीत रुजू झाले होते.

कचेरीतून ते म्हातारे होऊनच बाहेर पडले. मी वकील झालो. त्यांनी मला कधी बोल लावला नाही; मीच एकदा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "अध्यक्ष खरं बोलले, त्यात काय चुकलं?" ते गेल्याला आता तीन वर्षं होतील. मला फार वाईट वाटतं. न्यायाधीशांसमोर, व्याख्यानांत, लग्नांच्या बैठकीत, न कळलेल्या कितीतरी गोष्टींना मी जन्मभर खुशाल मान डोलावली. नेमका त्या एका दिवशी मी खरं बोललो.