चौथा रकाना

१३ डिसेंबर १९१९ रोजी कामठ्याजवळच्या एका खेड्यातल्या शाळेला कचेरीतून दोन रुपये बारा आणे मिळाले. महायुद्ध संपून तह झाला होता. मुलांकडून विजयाचा इतिहास पाठ म्हणवून घ्यावा आणि मग लाडू वाटावेत, असा हुकूम सोबत होता; तपासणीला साहेबही येणार होते.

शाळेचे एकमेव मास्तर दुलीचंद बिसेन. लढाया शिकवताना ते फळ्यावर चार रकाने आखत. लढाई, साल, जिंकणारा, आणि चौथा, घरी न परतलेले. चौथ्यात मुले बहुधा 'पुस्तकात दिलेले नाही' असे लिहीत.

या वेळी नाव माहीत होते. गावचा मंगरू युद्धात सरकारी खेचरे हाकायला इराकातल्या बसऱ्याला गेला आणि तिथेच तापाने वारला. तसा कागद आला होता, पण त्याच्या बायकोने, रुख्मिणीने, बांगड्या फोडल्या नव्हत्या. तपासणीच्या आदल्या दिवशी मास्तर तिच्या दारी गेले. ती धान पाखडत होती.

"मंगरूचं नाव फळ्यावर लिहू का? नाही म्हणालीस तर नाही लिहिणार."

"लिवलं त तो मेला असं होईल ना, गुरुजी?"

"होईल."

सूप थांबले. "अन् नाही लिवलं त?"

"तर तो गेलाच नव्हता असं होईल."

"मंग लिवा. पण कोणी म्हनलं म्हणून पुसू नोका."

दुसऱ्या दिवशी शाळा तपासणारे डिप्टी साहेब आले. मुलांनी लढाया धडाधड म्हटल्या. साहेब खूश झाले.

"युद्ध कोणी जिंकलं?"

"सरकारनं."

"आणि हरलं कोण?"

पुढे बसलेल्या खुशालने फळ्याकडे पाहिले. "मंगरूकाका."

साहेब वळले. फळा वाचायला त्यांना वेळ लागला. "हा इतिहास आहे काय, मास्तर?"

"यात खोटं काय आहे ते सांगा."

"पुसा ते. पुसल्याशिवाय लाडू वाटायचे नाहीत. नोकरी जड झाली काय?"

"मी पुसणार नाही. तुम्हाला पुसायचं तर फडकं तिथं आहे."

दारात रुख्मिणी उभी होती. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या. साहेबांनी फडके उचलले नाही. ते बैलांच्या दमणीत बसून निघून गेले आणि मास्तरांनी लाडू वाटले. रुख्मिणीने घेतला नाही, पण शाळा सुटेपर्यंत थांबली.

महिन्याभरात मास्तरांची दरेकशाला बदली झाली. लाडवांचे दोन रुपये बारा आणे त्यांच्या पगारातून दरमहा आठ आण्यांप्रमाणे कापायचे ठरले. दरेकशाच्या फळ्यावर त्यांनी पहिल्याच आठवड्यात चार रकाने आखले. पाच हप्ते कापून झाल्यावर त्यांना कामावरून काढले.

ते गावी परतले आणि आपल्या ओसरीवर वर्ग भरवू लागले. १९४७ पर्यंत तो चालू होता. उरलेली रक्कम भरण्याबद्दल कचेरीची तीन पत्रे आली. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मास्तरांनी मुलांना रकाने आखायला लावले.

चार आणे बाकी आहेत.