तोफेच्या हातातली बंदूक

सगळे तिला तोफ म्हणत, पण तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर ती मावशी. दवाखान्यांच्या चादरी आणि अभ्रे धुणाऱ्या लॉन्ड्रीत ती इस्त्रीच्या हॉलची प्रमुख होती. आवाज असा, की वाफेचे पाइप सुसाट फुसफुसत असतानाही तिचं बोलणं मागच्या दारापर्यंत ऐकू जायचं. सकाळी प्रार्थना म्हणून घराबाहेर पडायची. शेजारीण म्हणायची, हिची प्रार्थना देवाला ऐकू जातेच, आमच्या पोरांचीही झोपमोड होते.

तिची सून त्याच हॉलमध्ये कामाला. म्हणजे बाईच्या डोक्यावर दिवसभर सासू आणि संध्याकाळीही सासूच. दोघींचं पटायचं नाही. पटायचं नाही म्हणजे सूनही काही मुकी गाय नव्हती. भाजीत मीठ किती इथपासून दाराची कडी कुणी लावली नाही इथपर्यंत रोज खटका उडायचा, आणि खिडकी उघडी असली की सगळ्या गल्लीची करमणूक व्हायची. पण भांडण जेवणाआधी संपायचं. उपाशी पोटी राग घेऊन झोपायचं नाही, हा तोफेचा नियम होता आणि तो तिने स्वतःही कधी मोडला नव्हता.

हॉलच्या मधोमध रोलर. आतून वाफेने तापणारा, आडवा, लांबलचक. ओली चादर एका बाजूने आत जायची आणि दुसऱ्या बाजूने कोरडी, कडक होऊन बाहेर यायची. कधी चादरीचं टोक गुंडाळून अडकायचं. मग रोलर थांबवायचा, वाफ बंद करायची, तो निवला की हाताने टोक सोडवायचं. निवला की नाही हे ओळखायला पूर्वी पाणी शिंपडून बघायचे. तोफेला ते पसंत नव्हतं. कुणाचं पाणी चुरचुरतं, कुणाचं नाही, आणि एवढ्या आवाजात ऐकणार कोण. तिनेच मालकाच्या मागे लागून लागून तापमान मोजायचं यंत्र आणवलं. पिस्तुलासारखं दिसायचं. चाप ओढला की रोलरवर तांबडा ठिपका पडायचा आणि हात न लावता, लांबूनच आकडा दिसायचा. बायकांनी त्याचं नाव लगेच बंदूक ठेवलं. तोफेच्या हातात बंदूक आली, आता आपलं काही खरं नाही, असं म्हणून हसल्या.

नियमही तोफेनेच घालून दिला. आकडा तिने मोठ्याने वाचायचा, पंचेचाळीसच्या खाली असला तरच दुसरीने हात घालायचा. कित्येक महिने एकीच्याही बोटाला फोड आला नाही.

रोलरवर जळक्या साबणाचा आणि खळीचा तपकिरी थर चढला होता. तोफेला तो डोळ्यांत खुपायचा. दवाखान्याचे मोठे लोक हॉल बघायला येणार असं कळलं, तेव्हा सुट्टीच्या दिवशी तिने पदर खोचला आणि बारीक पॉलिश पेपर आणि पावडर घेऊन रोलर घासायला घेतला. दिवस मावळेपर्यंत घासला. फक्त भिंतीकडच्या टोकाला, पत्र्याच्या आडोशामागे हात पोचेना, तेवढा पट्टा तपकिरीच राहिला. दातात अडकलेल्या बडीशेपेसारखा तो तिला सलत राहिला. बाकी रोलरमध्ये तोंड दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मालकाने त्यात बघून भांग सारखा केला आणि म्हणाला, मावशी, याला म्हणतात काम.

आणि त्याच आठवड्यात चादर अडकली.

रोलर थांबला. वाफ बंद झाली. थोडा वेळ गेल्यावर तोफेने नेहमीसारखा चाप ओढला आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडली, “एकेचाळीस. घाल हात.” सुनेने हात घातला आणि झटक्यात मागे घेतला. तोंडातून हूं की चूं नाही. तोफेने पाहिलं आणि तिचं डोकं सटकलं. एकेचाळीसला कसली भाजतेस, अंघोळीचं पाणी याहून कढत असतं, नाटकं नकोत, असं काहीबाही बोलली. सून नळाकडे गेली. परत आली ती हाताला ओलं फडकं गुंडाळून, आणि डाव्या हाताने घड्या घालत राहिली. ते टोक दुसऱ्या बाईने जरा वेळाने सोडवलं, तोवर रोलर खरंच निवला होता.

रात्रीचा स्वयंपाकही सुनेनेच केला. सकाळी बघतात तर तळहातावर आणि बोटांवर टरटरून फोड. डॉक्टरने हात बांधला आणि बरेच दिवस काम नाही म्हणून सांगितलं.

मालकाने विचारलं, तेव्हा सून म्हणाली, रोलरवर भाजलं. मालक म्हणाला, तोंडाला झळ लागली का? ती म्हणाली, नाही, झळ नव्हती, म्हणून तर हात घातला. मालकाने मान हलवली. झळ नाही, आकडा एकेचाळीस, तो तर मीही माझ्या खोलीत बसून ऐकला, हॉलमधल्या सगळ्यांनी ऐकला. मग फोड आले कुठून? त्याने आवाज खाली आणला आणि तोफेकडे न बघता म्हणाला, “घरातली भांडणं घरात ठेवा. सासू-सुनेला एका हॉलमध्ये ठेवणं मला जमणार नाही. सुनेने आता येऊ नये.”

तोफेला आधी अर्थच लागला नाही. तिला वाटलं, सून घरी कुठेतरी भाजून घेऊन रोलरवर ढकलते आहे, असं मालक म्हणतोय. तसं तिलाही वाटत होतंच. बंदूक काय खोटं बोलते? पण घड्या घालणाऱ्या बायका तिला बघून गप्प झाल्या, एकीने तिचा डबा स्वतःच्या डब्यापासून जरा लांब सरकवला, आणि मग टाळक्यात प्रकाश पडला. हे लोक समजत होते की तिनेच सुनेचा हात भाजला. घरी. रागाच्या भरात. गल्लीने इतकी वर्षं जे ऐकलं होतं, ते आता साक्षीला उभं राहिलं होतं. आणि सगळ्यात मोठी साक्ष तिच्याच घशातून निघालेली. एकेचाळीस.

ती घरी आली ती धुमसतच. राग कुणावर काढावा कळेना. ज्या बायकांच्या बाळंतपणात आपण राबलो त्यांनी डबे सरकवले. मालकाला आपण हॉल उभा करून दिला त्याने खालमानेने आपल्याला जल्लाद ठरवलं. आणि ही भवानी, ती एवढं तरी म्हणाली का, की सासूने काही केलं नाही? म्हणाली होती, खरं तर. कुणी ऐकलं नव्हतं.

मुलगा कामावरून आला, पाणी प्यायला. मग म्हणाला, “आई, खरं सांग. घरी काही झालं होतं का?”

गल्लीने विचारलं असतं तर तिने गल्ली उभी जाळली असती. पण नऊ महिने पोटात वाढवलेल्याने विचारलं. तोफेचा आवाज गेला. गेला म्हणजे खरंच, तोंड उघडलं आणि काही बाहेर आलं नाही. सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, किती वेळा सांगू, रोलरवर भाजलं. तो म्हणाला, तू आईला घाबरून बोलतेस. आणि बाहेर निघून गेला.

तोफ स्वयंपाकघरात गेली. गॅसवर स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळत होतं. पातेल्याच्या एका अंगाला उतू गेलेल्या दुधाचा जळका ओघळ. सुनेचा हात बांधलेला, घासणार कोण? पण तोफेला ते सुचलं नाही, राग काढायला जागा मिळाली एवढंच तिला दिसलं. बोलणार, इतक्यात एप्रनच्या खिशातली बंदूक हाताला लागली. रागाच्या भरात ती घरीच घेऊन आली होती. एवढी शहाणी ना तू, मग हे सांग, असं पुटपुटत तिने चाप ओढला. तांबडा ठिपका पातेल्याच्या चकचकीत अंगावर पडला. चव्वेचाळीस.

पाणी खळाखळा उकळत होतं आणि बंदूक म्हणत होती चव्वेचाळीस.

तिने ठिपका सरकवला. बोटभर अंतरावरच्या त्या जळक्या ओघळावर. त्र्याण्णव. परत चकचकीत भागावर आणला. चव्वेचाळीस. ओघळ, त्र्याण्णव. शेवटी तिने बोटच लावलं, चकचकीत भागाला, आणि चटका बसला तशी हात झटकून उभी राहिली. अगदी तसाच, जसा सुनेने झटकला होता.

आरशासमोर दिवा धरला तर आरसा दिव्याचं तोंड दाखवतो, स्वतःचं नाही. चकचकीत धातूचंही तसंच. स्वतःची ऊब तो फारशी बाहेर पडू देत नाही, समोरच्या भिंतींची, छताची ऊब तेवढी परत फेकतो. बंदूक लांबून मोजते ती हीच बाहेर पडणारी ऊब. म्हणून झळ नाही, म्हणून आकडा लहान. तोफेने हे असं शब्दांत मांडलं नाही. तिला फक्त रोलर दिसला, त्यात भांग पाडणारा मालक दिसला, आणि पॉलिश पेपर घेऊन दिवसभर घासणारे स्वतःचे दोन हात दिसले. रोलर तपकिरी होता तोवर बंदूक खरं बोलत होती. तिला खोटं बोलायला आपण शिकवलं.

सून मागे उभी राहून सगळं बघत होती.

“तू ओरडली का नाहीस तेव्हा?” तोफेने विचारलं. त्यातही रागच होता. दुसरं काही तिच्याकडे तयार नव्हतं.

“ओरडून काय उपयोग? आकडा तुम्ही आधीच ओरडला होतात,” सून म्हणाली.

त्या दिवशी पहिल्यांदा तोफ न जेवता, राग घेऊन झोपली. तो राग कुणावर होता हे तिला आणि देवाला ठाऊक.

सकाळी ती सुनेला सोबत घेऊनच कामावर गेली. मालकाला त्याच्या खोलीतून बोलावलं, बायकांना घड्या खाली ठेवायला लावल्या. रोलर तापवला, थांबवला, वाफ बंद केली. थोडा वेळ जाऊ दिला. मग ज्या बाईने डबा सरकवला होता तिच्याच हातात बंदूक दिली आणि म्हणाली, वाच. बाईने चकचकीत भागावर ठिपका टाकला आणि चाचरत वाचलं, बेचाळीस. आता त्या टोकाला, पत्र्यामागे, तो तपकिरी पट्टा दिसतो ना, तिथे. बाईने वाचलं आणि स्वतःच दचकली. एकशे बारा. रोलर एकच, वाफ एकच. तोफेने अभ्र्याचं ओलं टोक चकचकीत भागावर दाबलं. चर्रकन आवाज झाला, तो मागच्या दारापर्यंत ऐकू गेला.

मालक शहाणा माणूस. त्याने पटकन हिशेब जुळवला आणि म्हणाला, म्हणजे मावशी, तुम्ही घासला म्हणून हे झालं.

“हो. मी घासला. माझ्या हाताने घासला, आणि माझ्या तोंडाने हात घालायला सांगितलं. तुम्ही त्यात भांग पाडलात, ते सोडून देते. आता एवढं सांगा, हिचा हात कुठे भाजला?”

मालक खाकरला. इथे, म्हणाला.

“मागच्यांना ऐकू आलं नाही.”

मालकाला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. आणि सून बरी झाली की तिच्या जागेवर येईल हेही. डबा सरकवणारी बाई मावशी, मावशी करत पुढे आली. तोफ तिच्याकडे वळलीसुद्धा नाही. तिने फिटरकडून भट्टीच्या दाराला लावायचा काळा रंग आणवला. रोलर निवल्यावर, ज्या कडेला चादर पोचत नाही तिथे, स्वतः घासून चमकवलेल्या धातूवर ब्रशने जाड काळा पट्टा ओढला. एवढ्या मेहनतीच्या गोऱ्या गालाला तीट लावावी तसा. नाही, तीट प्रेमाने लावतात. हिने दात-ओठ खाऊन लावली. यापुढे ठिपका इथेच टाकायचा, म्हणाली, आणि आकडा वाचून झाला तरी जिचा हात जायचा तिने नको म्हटलं तर नको.

संध्याकाळी मुलाला सगळं कळलं होतं. तो आईच्या पायाशी येऊन बसला, चुकलो म्हणाला. तोफेने त्याला वाढलं. ताटात काही कमी पडू दिलं नाही. पण तोंडातून शब्द नाही. देव क्षमा करतो, रोज प्रार्थनेत आपण तेच म्हणतो. पण देवाला त्याने नऊ महिने पोटात वाहिलेल्या कुणी असं विचारलेलं नसतं. तिला वेळ लागणार होता आणि तो ती घेणार होती.

सून एका हाताने ते जळक्या ओघळाचं पातेलं घासायला बसली, पट्टी भिजवत. तोफेने बघितलं आणि कालपासून घरात अडकलेला आवाज एकदम सुटला. अक्कल गहाण टाकलीस का, डॉक्टरने काय सांगितलंय, ठेव ते खाली. सूनही काही कमी नाही. ती म्हणाली, मग उद्या तुम्हीच म्हणाल भांडी तशीच पडलीत. झालं. भांड्यावर भांडं आपटायला लागलं. समोरच्या घरातलं बोलणं थांबलेलं दोघींना कळलं.

सून उठली. “खिडकी लावून घेऊ का?”

“राहू दे उघडी,” तोफ म्हणाली आणि तिच्या हातातून पातेलं ओढून घेतलं. “ऐकू देत मेल्यांना.”