राहिलेलं दुपटं

"हात रिकामा झाला की करते," असं वहिनी म्हणायची आणि ओले हात पदराला पुसत पुढच्या कामाला लागायची. तिचा हात रिकामा झालेला घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणी पाहिला नव्हता. दोन खोल्या, चार मुलं, गिरणीत जाणारा नवरा, धाकटा दीर आणि सासूबाई. अशी बाई तुमच्याही शेजारी असेल.

मी तिच्या शेजारच्या खोलीत नवी सून म्हणून आले, तेव्हाच तिने मला ट्रंकेतलं एक गाठोडं दाखवलं होतं. जुन्या लुगड्यांचे तुकडे, बेतून ठेवलेली दोन झबली आणि चार बोटं शिवलेलं दुपटं. गावी थोरल्या बहिणीला पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तिने ते कबूल केलं होतं. मग हिचं लग्न झालं, हिची मुलं झाली आणि दुपटं चार बोटांवरच राहिलं.

एका दुपारी बहिणीचं पत्र आलं. त्या बाळाचं आता लग्न होऊन तिलाच नववा महिना लागला होता. खाली लिहिलं होतं, 'तुझ्या दुपट्याची वाट आता बघत नाही.' दिराने ते मोठ्याने वाचलं. घरात सगळे हसले. वहिनी हसली नाही.

दुसऱ्या दिवशी नळाचं पाणी भरून झाल्यावर ती गाठोडं घेऊन गॅलरीत बसली. "हे पुरं होईपर्यंत मी एकदाच रांधणार," तिने सांगितलं.

"मगे सांजेक रांदतला कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"सकाळचंच खायचं. नाहीतर ज्याला भूक लागेल त्याने रांधायचं."

नवरा गिरणीतून आला. थंड भाताकडे बघून हळूच म्हणाला, "अगं, लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई शिवतेय."

सासूबाईंनी अबोला धरला. भिंतीकडे तोंड करून जेवू लागल्या. वहिनीने त्यांना वाढलं, पण मनधरणी केली नाही. धाकटी मांडीवर चढली, तर एका हाताने तिला थोपटत दुसऱ्या हाताने धावदोरा घालत राहिली. चौथ्या दिवशी सासूबाई आपलं एक विटकं लुगडं घेऊन बाहेर आल्या आणि तिच्यापुढे टाकून म्हणाल्या, "ह्या मऊ आसा. पोराक टोचूचा नाय."

"ठेवा तिथे," वहिनी म्हणाली. मान वर केली नाही, पण दुपट्याला अस्तर त्याच लुगड्याचं लागलं.

दुपटं पुरं झालं, तेव्हा नवरा म्हणाला, पोस्टाने पाठवू. "मी नेणार," ती म्हणाली. लग्नानंतर ती माहेरी एकटी कधी गेली नव्हती. होळी नुकतीच झाली होती, कोकणात जाणाऱ्या बोटी चालू होत्या. धाकटीला कडेवर घेऊन ती निघाली. आठ दिवसांचं सांगून गेली आणि बावीस दिवसांनी आली, भाचीचं बाळंतपण उरकूनच. तोवर नवऱ्याला भाकरी थापता येऊ लागली होती. जाड, पण भाकरी.

त्याच वर्षी आम्ही मुलुंडला राहायला गेलो. त्यानंतर आमची भेट झाली नाही. निघायच्या दिवशी टांग्यात सामान चढत होतं आणि ती गॅलरीत निळ्या खणाचं पोलकं शिवत बसली होती.

"आता ह्या कोणाचा?" सासूबाई विचारत होत्या.

"माझं."

मला वाटलं, निरोप द्यायला ती खाली येईल. ती आली नाही. वरूनच तिने सुई धरलेला हात हलवला.