मधली जागा

टीमवर्क शिकवताना आमच्या एमबीएच्या सरांनी पडद्यावर दोरी ओढणाऱ्या माणसांचा फोटो लावला आणि मला चीडच आली. भातलावणीत वाढलेल्या मुलीला हे काय शिकवणार! त्याच तिरमिरीत मी गटातल्या चौघांना रविवारी मळवलीला, आमच्या खाचरात लावणीला बोलावलं.

त्यातला एक पुण्याचा, फाडफाड इंग्रजी बोलणारा. चिखलात मात्र तो पार रेंगाळला आणि त्याने लावलेली रोपं पाण्यावर तरंगायला लागली. माझ्या काकीने त्याला दंडाला धरून माझ्या आणि स्वतःच्या मध्ये उभं केलं. "मधी असला की मानूस रेंगाळत न्हाई," ती म्हणाली. खरंच, तिच्या हाताबरोबर त्याचा हात चालायला लागला. त्याचं एखादं रोप राहिलं तर मी लावून टाकायचे. दुपारी बांधावर भाकरी खाताना तो आपली सरळ रांग सारखी वळून बघत होता.

पंधरा दिवसांनी वर्गात आमच्या गटाचं प्रेझेंटेशन होतं. इंग्रजीच्या भीतीने मी शेवटचा नंबर मागून घेतला होता. वेळ संपली तर सुटले! ऐनवेळी यादी बघते तर त्या पुण्याच्या मुलाने माझा नंबर स्वतःच्या आणि गटातल्या एका मैत्रिणीच्या मध्ये घातलेला. माझं डोकंच फिरलं.

"मला सांभाळून घ्यायची काही गरज नाहीये," मी त्याला सुनावलं.

"मला होती की," तो म्हणाला, "खाचरात."

मी हसतच बोलायला उभी राहिले. दोनदा अडले आणि दोन्ही वेळा शब्द शेजारून आला. रांग कुठेच वाकडी झाली नाही.